पाचवा पुंजका

"तुमी येनार म्हनून सकाळपासनं घासतिया," हिरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बघा आता. पाला कसा आरशावानी चमकाय लागलाय."

करवंदीचं झुडूप खरोखरच चमकत होतं. लोहगडवाडीच्या वाटेवर, हिरीच्या ताक-भाकरीच्या टपरीशेजारी ते उभं होतं, पाणी निथळत, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखं. फांद्यांवर एक पांढरा ठिपका उरला नव्हता. बुडाशी काथ्याची घासणी आणि साबणाच्या पाण्याची बादली.

अनघामॅडमच्या हातातली, नमुने ठेवायची अल्कोहोलची बाटली तशीच राहिली. लोणावळ्याच्या कॉलेजातून त्या आल्या होत्या त्या पांढऱ्या ठिपक्यांसाठीच. चूक म्हटली तर त्यांचीच. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "रविवारी तुमचं करवंदीचं झुडूप बघायला येतोय." बघायला कुणी येणार म्हटल्यावर मावळात काय करतात, हे पीएच.डी.ला शिकवत नाहीत. मुलगी बघायला येवोत की झुडूप, आधी घासूनपुसून ठेवायचं.

"अहो, पण ती कीडच हवी होती मला!" मॅडमचा आवाज चिरकला.

"किडीसाटी यवढ्या लांब आलाव?" हिरीने मॅडमबरोबर आलेल्या उम्मेहानीला हळूच विचारलं, "मावशी, ह्या बऱ्या हायेत ना?"

उम्मेहानी हसली नाही. ती कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. घर वराळ्याला, नोकरी एकतीस वर्षं, निवृत्तीला उरलेले दिवस एकवीस. ते पांढरे ठिपके म्हणजे खवलेकीड, मोहरीएवढं प्रकरण. तिची स्लाइड करायची तर टाचणीने पोटाला भोक पाडायचं, कॉस्टिक सोड्यात ऊन करून आतलं सगळं काढून टाकायचं, उरलेलं कातडं रंगवायचं, लवंगेच्या तेलात बुडवायचं आणि पातळ काचेखाली डिंकात बसवायचं. अशा अकरा हजारांवर स्लाइडी उम्मेहानीने केल्या होत्या. त्यांवर चौघेजण डॉक्टर झाले. पण बाई, तुम्हाला त्यात काय दिसलं, असं चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात पोरांच्या सहलीबरोबर ती गडावर आली होती. उतरताना या झुडपाची एक काडी सहज रुमालात बांधून नेली, फुरसतीत एक स्लाइड केली, आणि न विचारता सांगून टाकलं, "मॅडम, या बाईच्या शेपटाकडे छिद्रांचे चारच पुंजके आहेत. हिच्या जातवाल्यांना पाच असतात."

मॅडमनी बघितलं. चारच. पुस्तकं पालथी घातली. अशी जात कुठे नोंदलेली सापडेना. पण मॅडम सावध. "एकीला चार म्हणजे अपघात, मावशी. दहाजणींना चार निघाले तर जात. दहा आणायच्या."

तेव्हा आज कुणाचं काय पणाला लागलं होतं, हे उघड होतं. मॅडमना पुढेही किडी मिळाल्या असत्या. उम्मेहानीला एकवीस दिवस होते, आणि तिचा शब्द साबणाच्या पाण्यातून वाहून गेला होता.

मॅडमनी वाटेवरची बाकीची झुडपं तपासायला घेतली. हिरी मागोमाग फिरू लागली, अपराधी आणि बडबडी.

"पर मावशी, ती कीड पळाली कशी न्हाई? म्या घासाय लागले तरी जागची हलंना."

"तिला पायच नसतात. लहानपणी थोडी चालते. एकदा बसली की बसली. अंगातलं मेण काढून वर छप्पर करते आणि जन्म तिथंच काढते."

"आन् नवरा?"

"त्याला पंख असतात. पण तोंड नसतं. दोन-तीन दिवसांत मरतो."

हिरीने विचार केला. "तोंड न्हाई म्हंजी बोलत बी न्हाई, आन् जेवाय बी मागत न्हाई?"

"नाही."

"मंग असला नवरा देव दोन दिसांत कशापायी नेतो? ऱ्हाऊ द्यावा की!"

लांबच्या झुडपात शिरलेल्या मॅडमसुद्धा हसल्या. पण बाहेर आल्या त्या नुसते ओरखडे घेऊन, बाटलीत एकही कीड नाही.

उम्मेहानी टपरीपाशी परत आली आणि धोंड्यावर टेकून धुतलेल्या झुडपाकडे बघत राहिली. मॅडम बघत होत्या संशोधकाच्या नजरेने. उम्मेहानी बघत होती घासणाऱ्या बाईच्या. एकतीस वर्षं काचेची भांडी घासल्यावर एक गोष्ट कळते. पाहुणे दारात असताना फार करपलेलं भांडं कुणी घासत बसत नाही. ते मागे सरकवतात.

"हिरीबाई, एकदम घाण फांद्या असतील ना काही? त्यापण घासल्या?"

हिरीने पदर तोंडाला लावला. "दोन-तीन व्हत्या. लय बुरसाटलेल्या. घासून निघंनात, मंग कोयत्यानं छाटल्या."

"टाकल्या कुठं?"

"ते नगा बघू, मावशी. मागं लय पसारा हाय."

मागे कोंबड्यांचं खुराडं होतं. मुंगूस येऊ नये म्हणून त्यावर काटेरी फांद्या रचल्या होत्या, सकाळच्याच, पीठ शिंपडल्यासारख्या पांढऱ्या. डॉक्टर अनघा त्या खुराड्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि कोंबड्यांच्या तोंडावर ओरडल्या, "शंभर असतील, मावशी! शंभर!"

"आदी सांगितलं असतं तर मागलंच दाखीवलं असतं की," हिरी म्हणाली आणि तिघींसाठी ताक ओतायला गेली.

पंधरवड्याने स्लाइडी वाळल्या. चांगल्या भरलेल्या दहा माद्या, दहा काचा. मॅडमचा नियम असा, की दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा आणि शेवटी चिठ्ठ्या समोरासमोर ठेवायच्या. आधी मॅडमनी मोजलं. मग उम्मेहानी स्टुलावर बसली.

चार. चार. नवव्या काचेपर्यंत चारच. दहावीपाशी ती थांबली. वरच्या दोन पुंजक्यांच्या मध्ये कातड्याला बारीक चुणी पडली होती. तिने सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा जरासा तिरका केला. चुणीत एक छिद्र होतं. एकच, पण नेमकं पाचव्याच्या जागी.

मॅडमची चिठ्ठी घडी घालून टेबलावर पडली होती. तीत काय असेल, हे उम्मेहानीला अंदाजाने कळत होतं. उजेड सरळ खालून आला की ती चुणी दिसतच नव्हती. निवृत्तीला सहा दिवस राहिले होते. दहाहीजणींना चार लिहून टाकले असते तर विचारणारं कोण होतं? ती दोनदा उठली, दोनदा बसली. मग तिने पाच लिहिलं.

"हे काय? दहावीला पाच?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चिठ्ठीत चार होते.

"उजेड तिरका करा."

मॅडम बराच वेळ वाकून राहिल्या. "आहे हो."

उम्मेहानी सिंककडे वळली आणि धुतलेल्याच वाट्या पुन्हा धुवायला लागली. "म्हणजे अपघातच म्हणायचा का आपला?"

"का म्हणून? नऊजणींना चार, एकीला पाचव्या जागी एकच छिद्र. तसंच्या तसं छापायचं. नाहीतर उद्या कुणी अकरावी शोधेल, पाचवा दाखवेल आणि म्हणेल, या दोघी आंधळ्या होत्या. शिवाय शेपटाच्या कडेचे दाते दहाहीजणींचे एकसारखे आहेत, आणि नोंदलेल्या जातींपेक्षा वेगळे. मावशी, जात नवी आहे!" मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही चार लिहिलं असतं तर मला कळलंही नसतं."

"तुम्हाला नसतं. काचेखालच्या त्या बाईला ठाऊक होतं ना."

मॅडमना त्या बाईला उम्मेहानीचंच नाव द्यायचं होतं. उम्मेहानीने कानांना हात लावले. "तौबा! लोक औषध मारताना माझ्या नावाने बोटं मोडतील." शेवटी नाव लोहगडाचं ठरलं, गडाला असल्या गोष्टींची सवय असते.

लेबलं लिहायचं काम तिचंच. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद, त्यावर झाड, गाव, तारीख, आणि शेवटी कुणी गोळा केलं त्याचं नाव. त्या जागी ती सवयीने मॅडमचं नाव लिहायला निघाली.

"माझं कशाला?" मॅडम म्हणाल्या. "मी तर भलत्याच झुडपांत शिरले होते."

उम्मेहानीने पेन उचललं, थोडा वेळ हवेतच धरलं. मग आधी हिरीचं नाव लिहिलं. खाली काठापर्यंत जेमतेम एक ओळ उरली. तीत तिने आपलं नाव बसवलं, आणि लेबल हातभर लांब धरून बघितलं.

अक्षर बारीक आलं होतं. पण भिंगाशिवाय वाचता येत होतं.