पाणी काढलेली कादंबरी

काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. चष्म्याचं दुकान स्वतःचं होतं, लहानसं, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मशीन बंद करायचा आणि लिहायला बसायचा. असं बरीच वर्षं लिहून त्याने एक कादंबरी पुरी केली. त्याच्या लिहिण्याकडे बायको शेजाऱ्याच्या खोकल्याकडे करावं तसं दुर्लक्ष करायची, त्यामुळे घरात भांडण नव्हतं.

कादंबरीत एक बाई होती. नवरा सोडून गेला म्हणून ती भावाकडे राहायला येते, आणि एका सकाळी तिच्या खोलीत पाणी येतं. नळ फुटलेला नसतो, छत गळत नसतं. पाणी नुसतंच येतं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दार सताड उघडलं तरी एक थेंब उंबरा ओलांडत नाही. बाई त्या पाण्यातच राहायला लागते. पाणी तिचे केस मोकळे करतं, तिला न्हाऊ घालतं, झोपवतं. घरातली माणसं जेवणाचं ताट द्यायला आत पाऊल टाकतात, ओल्या पायांनी परत येतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

ती बाई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ताई खरोखरच त्याच्याकडे आली होती आणि हळूहळू मागच्या खोलीतून बाहेर यायची बंद झाली होती. पाण्याची गोष्टही आधी तीच बोलली होती. बाहेर का येत नाहीस, असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा पलंगावर पाय वर घेत ती म्हणाली, "खाली पाणी आहे रे, छोट्या. तुला दिसत नाही?"

त्याने वाकून कोरडी फरशी पाहिली होती. आणि त्याच वेळी, हे लिहायला हवं, असंही वाटून गेलं होतं.

प्रकरण झालं की तो तिला वाचून दाखवायचा. एरवी भिंतीकडे तोंड करून पडणारी ताई तेवढ्यापुरती उठून बसायची. "पाणी कमरेच्या वर नेऊ नकोस," तिने एकदा बजावलं. "मला बुडायचं नाहीये." दुसऱ्यांदा म्हणाली, "त्यात मासे सोड. पण शोभेचे नकोत. कामाचे सोड, तुझ्या बायकोचा बाजार तरी वाचेल." त्यावर दोघं हसत सुटली. काय झालं म्हणून बायको दारापर्यंत येऊन गेली.

मग प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवणं सुरू झालं.

पहिल्याने विचारलं, "लहान मुलांसाठी आहे का?"

"नाही."

"मग खोलीत पाणी येतं कसं?"

"येतं."

"अहो, काहीतरी कारण द्या. पाइप फुटला म्हणा."

दुसऱ्याने हस्तलिखित सावकाश परत केलं. भाषा गोड आहे, म्हणाला, पण दुकानदाराने हे कुठल्या कप्प्यात ठेवायचं? कौटुंबिक म्हणावं तर मासे आहेत, भुताटकी म्हणावी तर भूत नाही. तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

असली विचित्र पुस्तकं आवडीने काढणाऱ्या एक बाई आहेत, असं त्याला कुणीतरी सांगितलं. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खुर्च्यांवरसुद्धा कागदांचे गठ्ठे. बाईंनी फाइल मांडीवर घेतली, पहिलं पान तिथल्या तिथे वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मी फार हळू वाचते," त्या म्हणाल्या. "आणि काढते त्याहून हळू. तुम्हाला दम धरवेल?"

"धरवेल की," तो म्हणाला.

नाही धरवला. काही महिन्यांनी त्याच्या दुकानात एका मोठ्या प्रकाशनाचे संपादक चष्मा करायला आले. त्यांच्या कानामागे काडी बसवता बसवता त्याने कादंबरीचा विषय काढला. त्यांनी वाचायला मागितली, आठवड्याभरात वाचली आणि त्याला कचेरीत बोलावून घेतलं.

"बहीण-भावाचं काय लिहिलंय हो तुम्ही," संपादक म्हणाले. "वाचताना मला रडू फुटलं. लगेच काढू आपण. फक्त ते पाणी काढा."

"पाणी काढलं तर उरलं काय?"

"माणूस उरतो. तुम्ही त्याला उगाच झाकून ठेवलंय."

घरी येताना हे वाक्य त्याने स्वतःला पुन्हापुन्हा ऐकवलं, आणि घर येईपर्यंत ते त्याला पटलं होतं. छापखान्यावरच्या बाईंकडची आपली फाइल त्याने, बाई जागेवर नसताना जाऊन, परत आणली.

पाणी काढणं त्याला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. पाण्याने तिचे केस मोकळे केले, तिथे त्याने लिहिलं, तिच्या केसांच्या जटा झाल्या. पाणी तिला न्हाऊ घालतं, हे वाक्य खोडल्यावर उरलं ते एवढंच, की ती आठवडेच्या आठवडे आंघोळ करत नसे. ओल्या पायांनी परतणारी माणसं आता नाकाला पदर लावून परतायला लागली. ही पानं त्याने ताईला वाचून दाखवली नाहीत. पुढे काय झालं, असं ती विचारायची, तेव्हा तो सांगायचा, "तपासतोय अजून."

पुस्तक निघालं. चांगलं बोललं गेलं त्याच्याबद्दल. एका परीक्षणात आलं की मनोरुग्ण स्त्रीचं इतकं निर्दय, इतकं सच्चं चित्रण क्वचितच वाचायला मिळतं. ते कात्रण त्याने पाकिटात ठेवलं. ताईला मात्र, पुस्तक अजून छापखान्यात आहे, असंच सांगितलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते विकत घेतलं, वाचलं, आणि एका दुपारी तो दुकानात असताना त्या थेट ताईच्या खोलीत गेल्या. "काय काय सोसलंत हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला कल्पनाच नव्हती. आंघोळीला कुणी मदतीला लागलं तर मला हाक मारा, लाजू नका." काकूंच्या मनात खरोखरच काही वाईट नव्हतं. आपली प्रतही त्या ठेवून गेल्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ताई बाहेरच्या टेबलाशी बसली होती. खोलीबाहेर बसलेली ताई पाहून त्याला आधी आनंदच झाला. मग त्याला तिच्यापुढचं पुस्तक दिसलं. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती आणि वळत नव्हती.

"पाणी कुठं गेलं?" ताईने विचारलं.

"ते प्रकाशकांना... त्यांचं म्हणणं पडलं की..."

"त्यांचं नाही विचारत मी."

तो बूट न काढताच उभा राहिला.

"पाण्यात होते तेव्हा कुणीतरी होते मी," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आता नुसती वास मारणारी बाई आहे. तीही तुझ्या घरातली."

"ताई, लोकांना वाटतं ते कल्पनेतलं आहे."

"काकू मला आंघोळ घालायला आल्या होत्या."

ताईने पुस्तक मिटून त्याच्या बाजूला सरकवलं. "पाण्यासकट कुणीच मागितलं नव्हतं का रे?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. नव्हतं म्हटलं असतं तर निदान नाइलाज तरी ठरला असता. पण बायको आता वळून बघत होती.

"एक बाई होत्या," तो म्हणाला. "थांबा म्हणाल्या होत्या. मी थांबलो नाही."

त्या दिवसानंतर ताई त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायची. तो संपादकांकडे गेला, दुसरी आवृत्ती काढू नका म्हणाला. ते चकित झाले. पुस्तक चालतंय, म्हणाले; शिवाय सही केलीय तुम्ही. पाकिटातलं कात्रण त्याने फाडून टाकलं, पण त्यातला 'निर्दय' हा शब्द डोक्यातून जाईना. दुकानात कुणी पुस्तकाचं कौतुक केलं की तो मान खाली घालून, नसलेल्या डागासाठी काच पुसत बसायचा. लोकांना ती नम्रता वाटायची, आणि मग तर त्याला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी ताई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. "त्या बाईंकडे ने मला."

बायकोने तिचे केस विंचरून दिले, स्वतःची चप्पल दिली. कठडा धरून, प्रत्येक पायरी आधी चाचपून मग पाऊल टाकत ताई जिना उतरली. रस्त्यावर तिने त्याचा हात धरला नाही. छापखान्याशी पोचल्यावर तो तिच्यामागून जिन्याला लागला, तेव्हा ती म्हणाली, "तू खालीच थांब."

तो खाली थांबला. कागदाचे गठ्ठे उतरवून घेणाऱ्या माणसाने त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, "कुणाकडे आलात?"

"बहीण वर गेलीय," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने ताई उतरली. चेहरा थकलेला होता, पण मान वर होती. थोडं चालून झाल्यावर तिने आपणहून सांगितलं, "तुझं पुस्तक आता तुझंच राहणार म्हणाल्या. त्यात त्यांना काही करता यायचं नाही. मला विचारलं, पाणी मुळात कुणाचं? मी म्हटलं, माझं. तर म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा. आता मी त्यांच्याकडे जाणार आहे. मी बोलेन, त्या उतरवून घेतील."

"मी लिहून देतो की," तो पटकन बोलून गेला. "तू सांग, मी अगदी शब्दन् शब्द..."

"नको."

तो शब्द तिने इतक्या साधेपणाने उच्चारला, की रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

परतीची वाट दुकानावरून होती. ताईने ते कधी पाहिलं नव्हतं. "हेच का?" म्हणत ती काचेपाशी गेली. आत फ्रेम मांडल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, पुस्तक निघालं तेव्हा त्याने हौसेने उभी केलेली प्रत होती. ती तिथे आहे हे तो विसरूनच गेला होता. घाईघाईने त्याने किल्ली काढली.

"थांब, काढतो ते."

"राहू दे," ताई म्हणाली. "तुझंच आहे ते."

तिने जरा वेळ वाकून फ्रेम पाहिल्या, एका सोनेरी काडीची तारीफ केली आणि ती घराच्या दिशेने चालायला लागली. किल्ली हातात तशीच धरून तो तिच्यामागून निघाला.