शेंदराखालच्या ओळी

पायरीवर पडलेली शेंदराची खपली तळहाताएवढी होती आणि जाडीला भाकरीइतकी. उलटी केली तर तिच्या पोटात अक्षरं उमटलेली — काड्या मोडून टाकाव्यात तशी. बावीस वर्षं दर शनिवारी तेलात शेंदूर कालवून सोजराबाईंनी हा थर चढवला होता, आणि परवा पुण्याहून आलेल्या त्या चष्मेवाल्यानं रॉकेलच्या बोळ्यानं तो एका दुपारीत उतरवला. देवळाच्या ओट्यावरचा आपला म्हसोबा म्हणे देवच नव्हे, बौद्धांचा जुना दगड. आणि लिहिलंय काय, तर न दिलेलं घेऊ नये, खोटं बोलू नये... मेल्याला एवढं वाचायला पुण्याहून यायचं होतं.

महारवाड्याला तर हर्षवायू झालाय. दोन वर्षांपूर्वी धर्म बदलला तेव्हापासून मान वर करून चालतात, आता दगडही त्यांचाच निघाला. आज पुन्हा शेंदूर थापायचाच, मग कोण काय वाचतं बघू... पण बाई, एवढा राग कशाचा आलाय तुला? विटाळाचा. दुसरा कशाचा असणार.

दुसरा कशाचा... भीमेकाठच्या त्या पट्टीचा? महारवाड्यातला म्हस्कू म्हणत होता, माझ्या बापाची. हे म्हणत होते, आमची. पंचांनी गावच्या रीतीनं निवाडा दिला — या दगडावर हात ठेवून जो शपथ घेईल, रान त्याचं. म्हस्कूला तर ओट्याची पायरी चढायची बंदी. ह्यांनी हात ठेवला. घरी येऊन जेवताना म्हणाले, "पट्टी त्याचीच हाय गं, पन शपथ आपली." आणि हसले. मी भाकरी वाढली. पुढच्या शनिवारपासून मी शेंदूर लावायला लागले — भीतीनं, दुसरं काय. पण झालं काहीच नाही. हे सुखानं जगले, सुखानं गेले.

कुणीतरी शेजारून पायऱ्या चढून वर गेलं. मालन — म्हस्कूची विधवा. तिनं दगडावर पालथा पंजा टेकला.

"खाली उतर."

"सोजराबाई," ती म्हणाली. जन्मभर पाटलीणबाई म्हणणारी, आज नावानं. "नदीकडची पट्टी आमची व्हती. ह्यो बगा, हात ठिवून सांगते. आता तुमी ठिवा."

आणि सरकून तिनं जागा करून दिली. सोजराबाईंना तिचं धुवट पांढरं लुगडं सहन होईना, तिचा न थरथरणारा हात सहन होईना, आणि ते जागा करून देणं तर मुळीच नाही. गडी बोलवावेत, ओढून खाली काढावी... शिवी ओठांशी आली, आणि तिथंच त्यांना कळलं की ती मालनसाठी नाही. नवऱ्यासाठी आहे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, त्याचं श्राद्ध मी एकदाही चुकवलं नाही, आणि त्याच्यावरचा एवढा संताप माझ्या पोटात होता.

वर जाववेना, मागे फिरवेना. मालन वाट बघत उभी होती. तिला काही घाई नव्हती.