मोठं ते आत, बारीक ते बाहेर

मी एक चिप बोलतेय. खायची नव्हे, मोबाइलमधलीही नव्हे. पारदर्शक रबराची, काचेच्या पट्टीवर चिकटवलेली. माझ्या पोटात केसाएवढी बारीक, वेटोळी वाट आहे. तिच्यातून पेशी पळवल्या की मोठ्या आतल्या कडेला येतात आणि कुपीत पडतात. बारीक बाहेरच्या कडेने सांडपाण्याच्या बाटलीत जातात. याखेरीज मला ओ की ठो कळत नाही.

मला प्रयोगशाळेतल्या बाईंनी घडवलं. साच्यात ओतलं, भट्टीत शेकलं, चिकटपट्टीने माझ्यावरची धूळ टिपली. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांची भाची तेवढी मावशी म्हणे. या भाचीचं रक्त बिघडलं होतं. जालीम औषधांनी तिच्या हाडांतला मगज जळणार, म्हणून आधीच थोडा काढून ठेवला होता. औषधं झाली. आता त्या मगजातल्या मोजक्या, मोठ्या मूळपेशी निवडून तिला परत द्यायच्या होत्या. दुसऱ्यांदा काढायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

त्या सकाळी बाईंनी पेशी वाहून नेणारं मिठाचं पाणी केलं. दाट द्रावणात साधं पाणी ओतलं आणि बाटली हलवणार, तोच फोन वाजला.

"मावशी, झालं का गं?"

"आता लावतेच बघ. तू जेवलीस का?"

"थोडंसं. आधी माझं काम कर, मग रागव."

बाई हसल्या. फोन ठेवला आणि माझ्यात पाणी ओढणारी नळी बाटलीच्या तळाशी सोडली. हलवायचं राहूनच गेलं. खारं पाणी जड, ते तळाशीच बसलेलं. त्यात मूळपेशी आक्रसून बारीक झाल्या, आणि मी त्यांना चोख बाहेर काढलं. मला आकार कळतो, मोल कळत नाही. याचं फार वाईट वाटतं मला.

कुपी रिकामी दिसताच बाईंनी सांडपाण्याची बाटली उचलली. वास आला आणि त्यांनी ती तशीच खाली ठेवली. जंतू मरावेत म्हणून त्या बाटलीत आधीच ब्लीच घालून ठेवायची शिस्त त्यांनीच लावली होती.

भाची गेली. बाईंनी बहिणीला सगळं खरं सांगितलं. बहीण एवढंच म्हणाली, "ती शेवटपर्यंत विचारत होती, मावशी जेवली का म्हणून."

माझ्यासारखी चिप एकदा वापरून फेकायची असते. बाईंनी मला चष्म्याच्या डबीत ठेवलंय. खण आवरताना एखादी नवी विद्यार्थिनी विचारते, "बाई, ही मळकी चिप धुऊ का?" बाई नको म्हणतात, कारण सांगत नाहीत.

मी सांगते. माझ्या शेवटच्या वळणावर काही पेशी चिकटून राहिल्यात. केव्हाच वाळल्या, आता कुणाच्या कामाच्या नाहीत. पण इथे तिचं तेवढंच उरलंय. मला धुऊ नका.