कापायच्या टेबलाची उंची

शिंप्याच्या दुकानात बसायचं ते गिऱ्हाइकानं, कापणाऱ्यानं उभंच राहायचं, हा वडिलांचा नियम. वडील गेले, तरी नियम जागचा हलला नाही, कारण त्यांनी टेबलच तेवढं उंच करून ठेवलं होतं. थोरला शिवायचा, धाकटा कापायचा. धाकट्याचा हात असा, की चिंधीसुद्धा वाया जात नसे.

गेलं वर्षभर मात्र दुपार झाली की त्याच्या अंगातलं बळच निघून जायचं. इस्त्री तापली की अंगाची लाही लाही, आणि घामाचा टिपूस नाही. उभं राहून रक्तदाब घसरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मल्टिपल स्क्लेरोसिस, डॉक्टर म्हणाले. घाम आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाच बिघडल्यात, हा थकवा झोपून जायचा नाही. धाकट्यानं घरीदारी अवाक्षर काढलं नाही. आजारी माणसाच्या हाती कात्री कोण देणार? त्यापेक्षा आळशी म्हणवून घेतलेलं बरं. आणि थोरला ते रोज मन लावून म्हणायचा.

मग एके दुपारी वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या.

"झोपेत कापतोस काय रे?" थोरला कडाडला. "वकिलाला दोन डावे हात आहेत?"

धाकटा हसायला गेला आणि टेबलाची कड धरत खाली बसला. आता लपवण्यात राम नव्हता. फरशीवर बसूनच त्यानं सगळं सांगितलं. "दादा, कात्री तेवढी काढून घेऊ नकोस."

थोरल्यानं इस्त्री बंद केली, पाणी दिलं. "घरी जा," एवढंच म्हणाला. संपलं सगळं, असं धाकट्याला वाटलं. रात्रभर त्याला रडू येत राहिलं.

सकाळी थोरल्यानं त्याला दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. गळ्यातली टेप काढून जमिनीपासून त्याच्या कोपरापर्यंत माप घेतलं, टेबलाच्या चारी पायांवर खडूनं रेघ मारली आणि करवत उचलली.

"दादा, बाबांचं टेबल आहे ते!"

"माहितीय. घट्ट धर, हलतंय."

"मी आलो नाही तर कापताना तुला वाकावं लागेल रे."

"वाकेन. वर्षभर तोंडाला येईल ते बोललोय तुला."

इस्त्री केव्हाच मागच्या खोलीत गेली होती. थोरल्यानं भुसा झटकला, ठेंगण्या टेबलावर वकिलाचं नवं कापड पसरलं आणि कात्री धाकट्याच्या हातात दिली.

"हं. आता बसून एक उजवी काप."