काठी घेऊन जा म्हणे

व्हिडिओ नवऱ्याने काढला, कौतुकाने. घरच्या ग्रुपवरही कौतुकानेच टाकला. तिथून दिराने तो उचलला आणि 'आमच्या वहिनी बघा, हरणासारख्या' असं लिहून गावभर वाटला. फिरत फिरत तो हॉस्पिटलच्या साहेबांच्या मोबाइलवर पोचला आणि कौतुक संपलं.

त्या हॉस्पिटलात ती फोन ऑपरेटर होती. जागा अंधांसाठी राखीव. आणि व्हिडिओत बाई खुळखुळणारा चेंडू काखेत मारून तिघींना हुलकावणी देत पळत होत्या. अधू दृष्टीवाल्यांची रग्बी ती. पाडापाडी नाही, हात लागला की थांबायचं, हाक ऐकून पास द्यायचा. पण हे बघणाऱ्याला कोण सांगणार?

"उद्या साहेबांनी बोलावलंय," ती जेवताना म्हणाली. "म्हणे खरंच अंध आहात का ते बघू."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "असं कर, काळा चष्मा लाव. काठी घेऊन जा. दारात जरा अडखळ."

"अडखळू?"

"खोटं कुठे आहे? थोडं वाढवून दाखवायचं. आणि रग्बी काही दिवस बंद."

तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. वाळवीने पान मधोमध खावं आणि समास तेवढा ठेवावा, तसं. माणसाचं तोंड बघायचं तर मान वळवावी लागते. सासूबाईंना वाटलं होतं, सून शिष्ट आहे. नवऱ्याने मात्र पहिल्याच भेटीत सरळ विचारलं होतं, म्हणून तर तो पसंत पडला. आणि आता तोच अडखळायला सांगत होता.

"इतकी वर्षं दिसतंय असं दाखवत जगले," ती म्हणाली. "आता दिसत नाही असं दाखवू? जिथे काहीच दाखवावं लागत नाही ते एक मैदान, तेही बंद?"

"नोकरी गेली तर?"

"गेली तर तुझ्या भावाला विचार, हरणं काय खातात."

दुसऱ्या दिवशी ती तशीच गेली. साहेबांनी बोटं वर केली. "किती?"

तिने तोंड कपाटाकडे फिरवलं. "दोन. आणि शर्टाची मधली गुंडी उघडी आहे."

"म्हणजे दिसतं तुम्हाला."

"बाजूने." तिने नाक त्यांच्यासमोर धरलं. "आता तुम्हाला डोकंच नाही."

साहेबांनी आधी गुंडी लावली, मग घसा साफ केला. "डोळ्यांची फेरतपासणी होईल, बाई. तोवर कामावर येऊ नका."

"बारा वर्षांत एक फोन चुकीचा जोडला का मी?"

"प्रश्न कामाचा नाही."

"तेच तर," ती म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी ती सरावाला गेली. चेंडू मिळाला तशी सुटलीच. डावीकडून मैत्रीण ओरडत होती, "इकडे, इकडे!" तिने दिला नाही. पाठीवर कुणाचा तरी हात पडला, तरी थांबली नाही. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली.

"अगं, कधीचा हात लागलाय," मैत्रीण धापा टाकत जवळ आली. "राग कुणावर काढतेयस?"

"यादी मोठी आहे," ती म्हणाली. चेंडू छातीशी तसाच आवळलेला होता, आत खुळखुळत होता. "चल. पुन्हा तिथूनच सुरू करू."