माशाआधी संपलेला खाऊ

गुरुजींनी डबीचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि मग डबी उलटी करून तळहातावर आपटली. चुकार दाणे तेवढे पडले. घरात अजून एकही मासा आला नव्हता, आणि माशाचा खाऊ संपला होता.

"आता काय म्हणावं याला," ते स्वतःशीच पुटपुटले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी टाकीकडे पाहिलं. पंपाची घरघर चालली होती. पांढऱ्या वाळूवर भोकाभोकांचे दगड रचलेले होते, पाणी नितळ होतं आणि दगडांवरून आपल्या नादात वाहत होतं. दिसायला सगळं कसं छान होतं. पण तपासणीच्या नळीतलं पाणी मात्र काही केल्या हिरव्याचं पिवळं व्हायला तयार नव्हतं.

ही टाकी त्यांच्या मुलाने आणली होती. दोन माणसांना उचलताना धाप लागेल एवढी मोठी काच त्याने हौसेने बैठकीच्या खोलीत मांडली आणि लेकीला खांद्यावर घेऊन सांगितलं, "मुंगे, तळ्यातले मासे सगळ्यांकडे असतात. आपण समुद्रातला आणू." मुलगी सतत तुरुतुरु काहीतरी इकडचं तिकडे नेत असायची, म्हणून ती मुंगी. टाकी आली, स्टँड आला, आणि त्यानंतर एका सकाळी तो कामावर गेला तो परत आलाच नाही. रस्त्यातच सगळं आटोपलं. टाकी कोरडीच राहिली. सून रोज केर काढताना तिची काच पुसायची, आतून आणि बाहेरून, जणू कुणी येणार आहे.

पुढे सुनेला नोकरी लागली, पण दूरच्या गावी. तिथे तिची थोरली बहीण होती, मुलीला शाळा मिळत होती. गुरुजींनी स्वतःच सांगितलं, "जा. माझी काळजी करू नकोस." तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलू शकतो. मुंगीने मात्र फतकल मारली.

"मी नाही येणार. बाबांची टाकी भरायची आहे. समुद्रातला मासा सोडायचा आहे."

सुनेने तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "तेवढं त्यांचं राहिलेलं करू. मासा सोडू आणि मग निघू." आणि तिने नव्या ऑफिसात विनवण्या करून सवड मागून घेतली.

आता गुरुजींचा सगळा जन्म प्राथमिक शाळेत गेलेला. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं स्वतः पोराबाळांची झाली होती, तरी रस्त्यात भेटली की म्हणायची, "गुरुजी, तुम्ही कधी ओरडला नाहीत. नुसते उत्तराची वाट बघत उभे राहायचात. त्याचीच जास्त भीती वाटायची." त्यांना शिकवायला काहीही चालायचं. टाकी तर आयतीच मिळाली. वाळू, दगड, पंप आणि समुद्री मीठ आणून त्यांनी ती भरली.

"मासा लगेच नाही सोडायचा," त्यांनी मुंगीला समोर बसवून सांगितलं. "मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे जीव या दगडांच्या भोकांत वाढतात. इतके बारीक, की दिसतच नाहीत."

"मुंगीपेक्षा बारीक?"

"मुंगी त्यांच्यापुढे डोंगर. ते पुरेसे वाढले की पाणी पिकलं म्हणायचं."

"मासाच नाही, तर त्यांनी वाढायचं काय खाऊन?"

असा प्रश्न आला की गुरुजींचा चेहरा उजळायचा. "शाब्बास! म्हणून सुरुवातीला आपण थोडा माशाचा खाऊ टाकायचा. तो कुजतो, त्याचं विष होतं, ते हे जीव खातात. मग नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब घालायचे. हिरवं झालं तर विष आहे. पिवळं झालं तर मासा आणायचा."

"आणि खाऊ जास्त पडला तर?"

"तर हिरवंच राहणार. मासा सोडला तर मरणार."

मुंगीने मान डोलावली. तिने हे नीट ध्यानात ठेवलं. किती नीट, ते गुरुजींना आज, ही रिकामी डबी हातात धरल्यावर कळलं.

त्यांनी विजेरी आणली आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसून मोठ्या दगडाच्या मागे उजेड टाकला. तिथे, समोरून अजिबात दिसणार नाही अशा खबदाडीत, दाण्यांचा ओला ढीग साचला होता. त्याच्यावर पांढरी बुरशी धरली होती. मुठीमुठीने, बऱ्याच दिवसांपासून, स्टुलावर चढून कुणीतरी टाकलेला.

गुरुजी तसेच जमिनीवर बसून राहिले. इतक्या वर्षांत इतक्या मुलांना इतकं शिकवलं, पण शिकवलेलं असं तंतोतंत कुणीच वापरलं नव्हतं. त्यांना हसू आलं, आणि मग सुनेचं बोलणं आठवलं. मासा सोडू आणि मग निघू. पोरीने बरोबर हिशेब केला होता. मासा सोडताच आला नाही, तर निघायचं कसं?

संध्याकाळी मुंगी शाळेतून आली. दप्तर फेकून थेट टाकीपाशी.

"आजोबा, तपासायचं?"

"तपासू की."

नळीत पाणी घेतलं, थेंब घातले. दोघांनी एकाच वेळी डोकी पुढे केली. पाणी हिरवंगार झालं.

"अरेरे," मुंगी म्हणाली. तिला अरेरे नीट म्हणताही येत नव्हतं.

"हं. अजून थांबावं लागणार," गुरुजी म्हणाले, आणि खिडकीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मासेवाल्याच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. चारही भिंतींना टाक्या, मधे तो लुंगीसारखा टॉवेल गुंडाळून उभा.

"या गुरुजी! मासा नेताय?"

"नाही रे. खाऊ दे. डबी संपली."

"मासा नाही तर खातंय कोण? तुम्ही का?" तो खदखदून हसला.

गुरुजीही हसले. घरी येऊन त्यांनी नवी डबी जुन्या जागी ठेवली, जुनी कागदात गुंडाळून बाहेर टाकली, आणि कुणाला काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सोडून दिलं होतं. तो आठवडा घरात मोठा आनंदाचा गेला. मुंगी त्यांच्या पाठीवर पाय देऊन चालायची. जेवताना ताटातल्या भाज्या आजोबांकडे ढकलायची. नळी हिरवी यायची आणि दोघं एकमेकांकडे न बघता "थांबूया" म्हणायचे.

मग एका दुपारी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर सून ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. हातात फोन, पुढ्यात अर्धवट भरलेलं भांड्यांचं खोकं.

"काय झालं ग?"

ती उठायला लागली. त्यांनी हातानेच बस म्हटलं आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं.

"अण्णा, ते आता थांबायला तयार नाहीत. सोमवारी हजर व्हा म्हणतात, नाहीतर दुसऱ्याला घेऊ." तिने पदराने तोंड पुसलं. "होईल का हो ते पाणी तोवर?"

प्रश्न विचारून वाट बघत थांबणारा माणूस, आज त्याचीच कुणीतरी वाट बघत होतं.

"तुम्हाला वाटेल, हिला जायची घाई झाली आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तसं नाही हो. पण मी दार उघडते तर वाटतं, ते आत आहेत. पंखा फिरतो तरी वाटतं, त्यांनीच लावला. मुंगी झोपली की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. इथे मला श्वास घेता येत नाही, अण्णा. मी इथे राहिले तर जगणार नाही."

नळाचा आवाज गुरुजींनी कितीदा ऐकला होता. पाणी फार वाया जातंय, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

"होईल," ते म्हणाले. "सोमवारच्या आत होईल."

मुंगी शाळेत गेल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. रबरी नळी दगडामागे घातली आणि कुजलेला ढीग ओढून बादलीत काढला. बादल्या भरून जुनं पाणी उपसलं, दुकानातलं समुद्री मीठ नव्या पाण्यात विरघळवून ते भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंबर धरली, तरी थांबले नाहीत. खाऊची डबी त्यांनी कपाटात वर ठेवून दिली. दगडांतले बारीक जीव बिचारे केव्हाच वाढून तयार होते. त्यांच्यावरचा भार तेवढा उतरायचा होता.

शनिवारी नळीतलं पाणी पिवळं झालं. लख्ख पिवळं.

मुंगीने नळी उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मग स्टुलावर चढून दगडामागे पाहिलं. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"आजोबा, मागचं तुम्ही काढलंत?"

"काढलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो ग बाळा."

"मग काढलंत कशाला?"

"तसल्या पाण्यात मासा जगला नसता, राणी."

"मला मासा नकोच होता!" ती ओरडली, आणि त्यांच्या पोटात डोकं खुपसून रडली.

रविवारी सकाळी गुरुजी मासा घेऊन आले. बोटाएवढा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, जणू कुणी दोन रंगांत बुडवून काढला होता. सून सामान बांधता बांधता दारात येऊन उभी राहिली. आधी बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवली. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट भांड्यात काढला आणि टाकीतून एक बारीक नळी त्यात सोडली. गुरुजींनी नळीला गाठ मारली होती, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने पडत होतं.

"एकदम का नाही सोडायचा?" मुंगीने विचारलं. काल दुपारपासूनचा तिचा हा पहिला शब्द.

"त्याचं पाणी वेगळं, आपलं वेगळं. एकदम बदललं की त्याला सोसत नाही. हळूहळू सवय करायची."

मुंगी थेंब पडताना पाहत राहिली.

"आम्ही तर एकदमच जाणार," ती म्हणाली.

गुरुजींनी नळीची गाठ उगाचच पुन्हा घट्ट केली.

वेळ झाल्यावर त्यांनी टाकीवरचा दिवा मालवला आणि जाळी तिच्या हातात दिली. "तूच सोड. बाबांनी तुला कबूल केलं होतं." तिने जाळीत मासा घेतला, स्टुलावर चढली, जाळी पाण्यात बुडवून तिरकी केली. मासा क्षणभर जागच्या जागी थरथरला आणि सणकन मोठ्या दगडामागे शिरला. त्याच खबदाडीत.

सुनेने तोंडावर हात दाबला. "सोडला हो," ती म्हणाली. गुरुजींना म्हणाली की आणखी कुणाला, ते समजलं नाही.

गाडी येईपर्यंत मुंगी काचेला नाक लावून बसली होती. "बाहेर ये ना रे," ती म्हणत होती. "एकदाच ये." मासा काही आला नाही.

"नवीन जागेत लपूनच राहतात ते," गुरुजी म्हणाले. "भीती गेली की येईल."

खाली हॉर्न वाजला. सुनेने वाकून नमस्कार केला आणि तिला उठवेना. मुंगी चपला घालून दारापर्यंत गेली, परत वळली.

"आजोबा, खाऊ थोडाच घाला हं. कुणी एकटं असलं की आपण जास्त घालतो. जास्त झालं की विष होतं."

"थोडाच घालीन."

पुढे बरेच दिवस टाकीत फक्त पाणी हलत होतं. गुरुजी चिमूटभर दाणे टाकायचे, दाणे खाली जायचे, आणि ते परत खुर्चीत येऊन बसायचे. घरात कुणी नळ सोडत नव्हतं. मासा आहे की गेला, तेही कळायला मार्ग नव्हता.

मग एकदा ते चहाचा कप विसळून बाहेर आले, तर टाकीच्या अगदी पुढे, उजेडात, जांभळा-पिवळा जीव निवांत पंख हलवत उभा. काचेतून थेट त्यांच्याकडे पाहत होता.

"मुंगे!" गुरुजींनी हाक मारली. "अगं मुंगे, धाव! आला बघ!"

हाक दोन्ही खोल्यांतून जाऊन आली. आवाजाने मासा दचकून पुन्हा दगडामागे गेला.

गुरुजी हातातल्या ओल्या कपासकट उभे राहिले. मग कप खाली ठेवून, स्टूल ओढून ते टाकीसमोर बसले, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "नाही ओरडणार परत. ये."