चिंचेच्या पाण्यात उजळलेला खडा

खंडाळ्याच्या खाणीत सुरुंग लावणाऱ्या कोंडाजीची छाती दगडाच्या भुकटीनं भरत आली होती. खोकला सुरू झाला की त्याची बायको झुंबरबाई हातातलं काम टाकून त्याची पाठ चोळायची. डॉक्टरनं एकच औषध सांगितलं, खाण सोड. सांगणाऱ्याचं काय जातं!

अशात पुण्याच्या कॉलेजातले लिमये मास्तर घाटात आले. लढाईमुळे परदेशातून येणारा एक पारदर्शक खडा मिळेनासा झाला होता आणि तसा आपल्या कातळातही सापडतो, असं त्यांनी ऐकलं होतं. कोंडाजीकडे त्याची एक खपली होती. मास्तरांनी ती कागदावरच्या टिंबावर ठेवली. टिंबं दोन दिसली. खपली फिरवली तसं एक जागच्या जागी राहिलं, दुसरं त्याच्याभोवती फिरू लागलं.

"उजेड सगळ्या अंगांनी थरथरत येतो," मास्तर म्हणाले. "हा खडा त्याचे दोन भाग करतो, एक उभा थरथरणारा, एक आडवा. आमच्या भिंगाच्या यंत्राला त्यातला एकच हवा असतो. मुठीएवढा, आतून स्वच्छ खडा मिळव. सोमवारी कॉलेजात ह्याचं ठरायचंय, तेव्हा दाखवतो. मग ते तुला खडे शोधायला कायमचं ठेवतील. सुरुंग नाही, भुकटी नाही."

"उबा काय न् आडवा काय," झुंबरबाई मागाहून म्हणाली, "तुमचा खोकला थांबला म्हंजे झालं."

शनिवारी सुरुंगानं उघडलेल्या पोकळीत कोंडाजीला खडा मिळाला. मुठीएवढा, पाण्यासारखा नितळ. पोकळीतलं बाकीचं सगळं मुकादमानं फोडून खडीत घातलं. संध्याकाळी नवराबायको पुष्कळ दिवसांनी हसली.

रविवारी मास्तर यायचे होते आणि खड्याला तांबडी माती चिकटलेली. पाहुण्यापुढं मळकी वस्तू कोण ठेवतं? सणाला देवाचे टाक उजळायची तसाच झुंबरबाईनं तो चिंचेच्या पाण्यात खळाखळा उकळला आणि तापलेलाच गार पाण्यात टाकला. बारीक आवाज झाला. उन्हात धरला तर पोटात हिरवे, जांभळे, सोनेरी रंग! तिला वाटलं, देव पावला.

मास्तर आल्यावर तिनं स्वतःच तो पुढं केला. "बगा की, काल ह्ये रंग नव्हतं."

मास्तर बराच वेळ खडा उजेडात फिरवत राहिले. "कशानं धुतलात?"

तिनं हौसेनं सगळं सांगितलं.

"बाई, आत चिरा गेल्यात," ते हळू म्हणाले. "चिरेच्या दोन्ही बाजूंवरून उजेड परत येतो, एकमेकांत मिसळतो, त्याचे हे रंग. आता हा उपयोगाचा नाही."

"आनखी हुडकतो मी," कोंडाजी म्हणाला.

"उद्यापर्यंत?" मास्तरांनी विचारलं. पोकळीतलं बाकीचं तर खडीत गेलं होतं. मास्तर गाडी गाठायला निघून गेले.

कोंडाजीनं शिवी हासडली असती तर तिला बरं वाटलं असतं. "मीच घात केला वं," ती म्हणाली. "तुला काय ठावं," एवढंच तो बोलला आणि खोकू लागला. ती पाठ चोळत राहिली.

सोमवारी तो तोंडाला फडकं बांधून खाणीत गेला. रोज संध्याकाळी त्याच्या आधी त्याचा खोकला वळणावर यायचा, आणि तो ऐकला की झुंबरबाई चुलीवर तवा ठेवायची. शिमग्यापर्यंत ती तसा तवा ठेवत होती; मग वळणावर खोकला यायचा थांबला.